ठेवीवरचे कार्ड आणि गेलेली पत

वाचकाचे पत्र

मी इचलकरंजीत खर्चीवाला, म्हणजे व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणून देणारा, यंत्रमागधारक होतो. आठ माग होते. २०२१ मध्ये धंदा बसला तेव्हा बँकेचे साडेसात लाख, एका फायनान्स कंपनीचे दोन लाख दहा हजार आणि क्रेडिट कार्डाचे एक लाख पाच हजार अंगावर होते. माग भंगाराच्या भावात विकले आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तिन्ही ठिकाणी तडजोड करून बँकेला पाच लाख, कंपनीला एक लाख वीस हजार आणि कार्डाचे सत्तर हजार भरले. आता सूतगिरणीत महिना चोवीस हजारांवर सुपरवायझर आहे. कर्जफेडीच्या इतिहासावरून दिला जाणारा सिबिल स्कोअर ५६१ दाखवतो. कंपनीचे नव्वद हजार अजून बाकी असल्याचेही सिबिलच्या अहवालात दिसते. गावात लोक ‘याचे दिवाळे निघाले’ असे म्हणतात. मुलगी अकरावीत आहे, दीड वर्षाने तिच्यासाठी शैक्षणिक कर्ज लागेल. भिशीचे वीस हजार हातात आले आहेत. ते मुदत ठेवीत ठेवून त्यावर क्रेडिट कार्ड घेतले तर पत सुधारते असे ऐकले. घेऊ का? की पत्नीच्या नावाने घेऊ, म्हणजे माझा जुना डाग आडवा येणार नाही? बँकेच्या कर्जाला मेहुणे जामीन होते. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत.

— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर

स. न. वि. वि.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. कार्ड जरूर घ्या आणि ते स्वतःच्याच नावाने घ्या. मात्र या महिन्यात घेऊ नका. त्याआधी दोन कामे हाती घ्यायची आहेत आणि ती न करता कार्ड घेतले तर वर्षभराच्या शिस्तीचे निम्मे फळ वाया जाईल.

प्रथम त्या ‘दिवाळे’ शब्दाविषयी, कारण तो तुमच्या मनाला लागलेला आहे हे पत्रात जाणवते. कायद्याच्या अर्थाने तुम्ही दिवाळखोर नाही. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी तरतुदी आहेत, परंतु १ डिसेंबर २०१९ पासून त्या लागू झाल्या त्या केवळ कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरत्या. बाकीच्यांसाठी मुंबई, कोलकाता आणि चेन्नईत १९०९ चा आणि इतरत्र १९२० चा जुना कायदाच आहे, त्यासाठी न्यायालयात जावे लागते आणि तुमच्यासारखे फार थोडे लोक त्या वाटेने जातात. तुम्ही केली ती तडजोड, म्हणजे बँकेच्या भाषेत ओटीएस (वन टाइम सेटलमेंट). उद्या एखाद्या अर्जात ‘तुम्हाला नादार घोषित केले आहे काय’ असा रकाना आला, तर ‘नाही’ हेच तुमचे खरे उत्तर आहे. हे सांगण्याचे दुसरेही एक कारण आहे. या विषयावर इंटरनेटवर जे सल्ले सापडतात, त्यांतले पुष्कळसे अमेरिकेतल्या परिस्थितीला धरून लिहिलेले असतात. तिथे न्यायालय कर्जातून मुक्त करते आणि ती नोंद दहा वर्षांपर्यंत पतअहवालात राहते. आपल्याकडे अडचण वेगळ्या ठिकाणी असते, ती म्हणजे तडजोडीनंतर अहवालात उरणाऱ्या एका शब्दात.

तो शब्द म्हणजे ‘सेटल्ड’. कर्ज ठरल्याप्रमाणे फिटले की त्यापुढे ‘क्लोज्ड’ असे लागते, पण काही रक्कम सोडून देऊन मिटवले की ‘सेटल्ड’ लागते, आणि पुढचा कर्ज अधिकारी त्याचा अर्थ ‘या माणसाने आधी एकाला कमी दिले आहेत’ असा घेतो. मी बँकेच्या कर्ज विभागात बरीच वर्षे काढली आहेत. हा शब्द दिसला की पुढचे पान न उलटता अर्ज बाजूला ठेवण्याची सवय मलाही होती. त्या माणसाने माग विकून पाच लाख भरले होते की काहीच न विकता हात वर केले होते, हे त्या एका शब्दावरून कळत नाही. त्या सवयीबद्दल मला आज वाईट वाटते आणि म्हणूनच तुमच्या पत्राला सविस्तर उत्तर देत आहे.

आता पहिले काम. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही पतमाहिती कंपन्यांनी प्रत्येकाला वर्षातून एकदा स्कोअरसह संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. चारही अहवाल काढा. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होतो, ही समजूत चुकीची आहे. कर्जासाठी अर्ज केल्यावर बँकेने केलेली चौकशी मात्र मोजली जाते. अहवाल हातात आले की तिन्ही तडजोडपत्रे आणि पैसे भरल्याच्या पावत्या शेजारी ठेवून प्रत्येक खात्याची ओळ तपासा: शेवटचा भरणा कोणत्या तारखेचा आहे, शिल्लक किती दाखवली आहे, थकीत रक्कम किती आणि खात्याची स्थिती काय लिहिली आहे.

फायनान्स कंपनीच्या नावापुढचे नव्वद हजार ही माझ्या मते सरळ चूक आहे. तडजोड पूर्ण झाल्यावर शिल्लक शून्य दिसली पाहिजे. सोडून दिलेली रक्कम तिथे बाकी म्हणून राहिली, तर तुम्ही आजही थकबाकीदार आहात असेच वाचणाऱ्याला वाटणार, आणि अशा स्थितीत नव्या कार्डाचे बारा हप्ते वेळेवर भरले तरी त्या ओळीचा भार तसाच राहणार. त्यासाठी ज्या पतमाहिती कंपनीच्या अहवालात चूक आहे तिच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा आणि त्याच दिवशी फायनान्स कंपनीलाही तडजोडपत्र व पावती जोडून लेखी कळवा. तक्रारीचे निवारण तीस दिवसांत झाले पाहिजे. ते झाले नाही, तर तीस दिवसांपुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे; हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तीस दिवसांनंतरही दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते आणि सप्टेंबर २०२२ पासून या पतमाहिती कंपन्याही लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत. या सगळ्यासाठी कुणा एजंटाची गरज नाही. ‘सिबिल साफ करून देतो’ असे फलक लावणारे लोक खरी नोंद पुसू शकत नाहीत आणि खोटी नोंद तुम्ही स्वतःच दुरुस्त करू शकता. त्यांना पैसे देऊ नका, आणि आधार, पॅन किंवा ओटीपी तर मुळीच देऊ नका.

दुसरे काम थोडे अवघड आहे आणि त्यात तुमचा निर्णय तुम्हालाच घ्यायचा आहे. कार्डाच्या तडजोडीत पस्तीस हजार सुटले, कंपनीकडे नव्वद हजार आणि बँकेकडे अडीच लाख. ही रक्कम आज तुमच्याकडून कुणी मागू शकत नाही, कारण तडजोडपत्राने तो हिशेब संपला आहे. तरीही सोडलेली रक्कम पुढे स्वेच्छेने भरली, तर अनेक संस्था ‘सेटल्ड’ची नोंद बदलून ‘क्लोज्ड’ करून देतात. त्या तसे करायला बांधील नाहीत, म्हणून आधी विचारायचे आणि त्यांनी ‘अमुक रक्कम भरल्यावर खाते बंद झाल्याची नोंद आम्ही चारही कंपन्यांना कळवू’ असे लेखी दिल्याशिवाय एक रुपयाही भरायचा नाही. फोनवरच्या आश्वासनावर तर मुळीच विसंबू नका. माझे मत विचाराल, तर कार्डाचे पस्तीस हजार वर्षभरात साठवून भरण्याचा विचार करा, कारण ते तुमच्या पगारात बसण्यासारखे आहे आणि तीन डागांतला एक तरी त्याने निघेल. बँकेचे अडीच लाख आज तुमच्या आवाक्याबाहेर आहेत. त्यासाठी सोने गहाण ठेवणे, पतसंस्थेतून उचल घेणे किंवा मुलीच्या शिक्षणासाठी साठवलेल्या पैशाला हात लावणे, यांपैकी काहीही करू नका.

आता कार्डाकडे येतो. ठेवीवरच्या कार्डाला ‘सुरक्षित कार्ड’ म्हणतात, आणि या नावामुळे बऱ्याच जणांचा गैरसमज होतो. त्यात सुरक्षितता आहे ती बँकेची. तुमची ठेव बँकेकडे बांधलेली असते, तिच्यावर बँकेचा हक्क नोंदवलेला असतो, आणि तुम्ही बिल बुडवले तर बँक ठेव मोडून आपले पैसे वळते करून घेते. म्हणूनच स्कोअर ५६१ असला तरी बँक हे कार्ड सहसा देते. परंतु ठेवीतून वसुली झाली म्हणजे तुमची नोंद वाचली, असे होत नाही. हप्ता चुकल्याची नोंद अहवालात जातेच. ठेव ठेवून तुम्ही पत विकत घेत नाही. दर महिन्याला एक बिल येणार, ते ठरल्या तारखेला पूर्ण फेडले जाणार आणि तसे अहवालात लिहिले जाणार, एवढी संधी फक्त विकत घेता. पत तयार होते ती त्या तारखांच्या रांगेतून. अहवालात हे कार्ड ठेवीवरचे आहे हेही दिसते, त्यामुळे त्याचे वजन बिनतारण कर्ज वेळेवर फेडण्याइतके प्रत्येक अधिकारी धरील असे नाही. पण ज्या माणसाच्या अहवालात २०२३ नंतर काहीच नाही, त्याच्यासाठी ही रांग सुरू होणे फार मोलाचे आहे. मागचे पान वाईट असेल, तर वाचणारा पुढच्या पानावर काय आहे हे शोधतो, आणि सध्या तुमचे पुढचे पान कोरे आहे.

वीसच्या वीस हजार ठेवीत घालू नका. ठेव बांधली गेली की घरात दुखणे आले तरी ती मोडता येत नाही आणि मग माणूस कार्डाकडेच वळतो. पंधरा हजारांची ठेव ठेवा, पाच हजार बचत खात्यात राहू द्या. पंधरा हजारांवर किंवा त्याहून कमी ठेवीवरही कार्ड देणाऱ्या बँका आहेत. कार्डाची मर्यादा साधारणतः ठेवीच्या पाऊण भागापासून पूर्ण ठेवीपर्यंत असते, तेव्हा तुम्हाला बारा हजारांच्या आसपास मर्यादा मिळेल असे धरून चला. जिथे तडजोड झाली ती बँक टाळा आणि जिथे पगार जमा होतो तिथे आधी विचारा. वार्षिक शुल्क किती आहे, पहिल्या वर्षापुरते माफ आहे की कायमचे, ठेव तुमच्या एकट्याच्या नावावर लागते का, आणि मुदत संपल्यावर ती आपोआप पुढे चालू राहते का, हे चार प्रश्न सही करण्यापूर्वी विचारा. ठेवीची मुदत संपून कार्डच बंद पडले, तर सगळी मेहनत मध्येच थांबते.

कार्ड आले की त्यावर एकच खर्च लावा. घरच्या विजेचे बिल लावा किंवा मोबाइल रिचार्ज आणि गॅस सिलिंडर एवढेच लावा. बारा हजारांच्या मर्यादेत खर्च तीस टक्क्यांच्या आत, म्हणजे छत्तीसशे रुपयांच्या खाली ठेवावा असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. तुम्ही तो दोन हजारांच्या खालीच ठेवा. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना पतमाहिती निदान दर पंधरा दिवसांनी कळवावी लागते, तेव्हा महिन्याच्या मध्यावरही तुमच्या कार्डावर किती बाकी आहे हे दिसत असते. कार्ड मुळीच न वापरणेही उपयोगाचे नाही. वर्षभर वापर झाला नाही तर बँक कळवून ते बंद करू शकते.

बिल फेडण्यासाठी पगाराच्या खात्यातून आपोआप कपात लावून घ्या, आणि तो फॉर्म भरताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहा: तिथे ‘किमान रक्कम’ आणि ‘पूर्ण रक्कम’ असे दोन पर्याय असतात आणि तुम्हाला ‘पूर्ण रक्कम’च निवडायची आहे. किमान रकमेचा सापळा आकड्यांत पाहिला तरच कळतो. समजा, एखाद्या महिन्यात नऊ हजार खर्च झाले आणि तुम्ही पाच टक्के, म्हणजे ४५० रुपये भरून समाधान मानले. उरले ८,५५०. महिना साडेतीन टक्के दराने त्यावर २९९ रुपये व्याज आणि व्याजावर अठरा टक्के जीएसटीचे ५४, म्हणजे ३५३ रुपये पुन्हा चढले. साडेचारशे भरूनही कर्ज जेमतेम सत्त्याण्णव रुपयांनी उतरले. प्रत्यक्षात याहून जास्तच भुर्दंड बसतो, कारण पूर्ण रक्कम न भरल्यास बिनव्याजी मुदत जाते आणि नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागते. तुमचे आधीचे एक लाख पाच हजार असेच वाढले असतील, असे मला वाटते. एटीएममधून या कार्डावर रोख कधीही काढू नका, कारण तिथे बिनव्याजी मुदत नसतेच आणि वर शुल्क लागते.

पगार सात तारखेला होत असेल आणि बिलाची मुदत पाच तारखेला येत असेल, तर बँकेला बिलाचे चक्र बदलून मागा. निदान एकदा तरी तसे बदलून घेण्याचा कार्डधारकाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाने हक्क आहे. मुदत उलटून तीन दिवसांहून अधिक झाल्याशिवाय बँकेला थकबाकीची नोंद कळवता येत नाही, हेही त्याच नियमांत आहे. पण ही तीन दिवसांची सवलत संप, सर्व्हर, आजारपण अशा दिवसांसाठी राखून ठेवा, तिचा हिशेब दरमहा धरू नका.

सहा-आठ महिन्यांनी बँकेकडून आणि इतरांकडून फोन येऊ लागतील. मर्यादा वाढवून देतो, मोबाइल हप्त्यांवर घ्या, तात्काळ कर्ज मंजूर आहे, असे सांगतील. सगळ्यांना नाही म्हणा. मुलीच्या कर्जाचा अर्ज होईपर्यंत दुसरे कार्ड नको, हप्त्यांवर वस्तू नको आणि कुणाला जामीन राहणेही नको. सूतगिरणीतला एखादा सहकारी पतसंस्थेच्या कर्जासाठी सही मागेल, तेव्हा अवघड वाटेल, परंतु त्याचे थकलेले कर्ज तुमची नोंद पुन्हा बिघडवू शकते. हे तुमच्या मेहुण्यांना तुमच्याइतकेच ठाऊक आहे.

पत्नीच्या नावाने कार्ड घेण्याविषयी. त्यांच्या नावाचे कार्ड त्यांचीच पत घडवील, तुमच्या अहवालात त्यातले काहीही येणार नाही. त्यांच्या कार्डावर तुम्ही पुरवणी कार्ड घेतले तरी तेच, कारण देणे मुख्य कार्डधारकाचे असते. मात्र त्यांचे स्वतःचे उत्पन्न असेल आणि त्यांची तशी इच्छा असेल, तर त्यांनी स्वतंत्रपणे एखादे छोटे कार्ड घेऊन नोंद सुरू करण्यास काहीच हरकत नाही, कारण शैक्षणिक कर्जात आई-वडिलांपैकी कुणीही सहकर्जदार होऊ शकते. त्यांची पाटी कोरी आहे म्हणून तुमचा खर्च तिच्यावर लिहू नका, एवढेच माझे म्हणणे आहे.

दीड वर्षात तुमचा स्कोअर साडेसातशे होईल असे आश्वासन मी देणार नाही, आणि देणाऱ्यावर विश्वासही ठेवू नका. चुकीची बाकी निघाली, कार्डाचे खाते ‘क्लोज्ड’ झाले आणि पंधरा-सोळा महिन्यांची न चुकलेली रांग दिसली, तर तुमचा अर्ज निदान वाचला जाईल. शैक्षणिक कर्जाच्या प्रचलित योजनेत चार लाखांपर्यंत तारण किंवा त्रयस्थ जामीन मागितला जात नाही, पालक सहकर्जदार असतो. मुलीला निवडक दर्जेदार संस्थांपैकी एखादीत प्रवेश मिळाला, तर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत तारण आणि जामीन दोन्हींची गरज नाही. शिवाय कर्ज किती लागणार हे आधी नीट पाहा. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना महाराष्ट्र शासनाने २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ केले आहे. तुम्ही त्यात बसत असाल, तर जातीचे आणि उत्पन्नाचे दाखले आतापासून तयार ठेवा. कदाचित कर्जाचा आकडा तुम्हाला वाटतो त्याच्या निम्माही निघणार नाही.

राहता राहिले मेहुणे. जामीनदाराच्या अहवालातही ते कर्ज दिसते, त्यामुळे बँकेने तुमच्या खात्याची नोंद वेळेवर सुधारली नसेल, तर त्यांचेही एखादे कर्ज अडले असण्याची शक्यता आहे, आणि ते बोलत नाहीत यामागे कदाचित तेच असेल. बँकेकडून थकबाकी नसल्याचा दाखला घ्या, त्यावर जामीनदाराची जबाबदारी संपल्याचे वाक्य लिहून मागा आणि त्याची प्रत टपालाने न पाठवता स्वतः त्यांच्या घरी घेऊन जा. ‘तुमचाही अहवाल काढून बघू या, काही चूक असेल तर तक्रारीचा अर्ज मी भरून देतो,’ एवढे त्यांना सांगा. तक्रार कशी करायची हे तोपर्यंत तुम्ही स्वतःच्या अहवालावर शिकलेले असाल.